टिपणातली गाडी

अप्पा जिना चढताना पायऱ्या मोठ्यानं मोजत. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या. रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत सतरा पायऱ्या. 'सतरा' ऐकू आलं की पाठोपाठ कुलपाचा आवाज यायचा, आणि मला कळायचं, अप्पा आले. शेवटच्या वर्षी एका दुपारी मी दार उघडं टाकून मेथी निवडत बसले होते, तर खालून 'अठरा' ऐकू आलं. मला हसू आलं. मी जिन्यातून वाकून ओरडले, "अप्पा, एक पायरी वाढवली काय हो कुणी?" ते वर बघून हसले. मग परत खाली गेले आणि परत मोजत आले. पुन्हा अठराच. त्यांचं हसू कुठल्या कुठं गेलं. किल्ली हातात धरून ते किती तरी वेळ पायऱ्यांकडे बघत उभे राहिले. मी तोवर मेथीकडे वळले होते. हसायला नको होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मल्लाप्पा त्यांचं नाव. मूळचे सीमेकडच्या गावचे. घरात कानडी आणि मराठी दोन्ही, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सगळी हयात जमिनी मोजण्यात गेली, म्हणून गल्ली त्यांना मोजणीचे अप्पा म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, सरोजा, निपाणीला दिलेली. जमीन मोजणारा माणूस म्हणजे भांडणाऱ्या दोन भावांच्या मधे उभा राहिलेला माणूस. एकाचं समाधान झालं की दुसरा दगड उचलणार. अप्पांच्या भुवईवर तसल्या एका दगडाची खूण होती. ती दाखवत ते म्हणत, "भाऊ भावाला इसरतंय पोरी, बांधाला न्हाई इसरत." साखळी हातात नसली तर ते पावलांनी मोजत, आणि पावलाचं माप वीतभरही चुकत नसे. "डोळा फसतोय, कान फसतोय. पाऊल न्हाई फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलायला सडेतोड, आवाज शिवारातला. चार भिंतींत बोलले तरी बांधावरून हाक मारल्यासारखं वाटायचं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस माझ्या मुलीला चालला, हेच मुळात नवल.

माझी गौरी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती स्वमग्न आहे. नावानं हाक मारली तर ओ देत नाही, बोलते ते मोजके शब्द, आणि तेही दोन-तीनदा. तिला एकच गोष्ट लागते: आता पुढं काय, हे आधी माहीत असणं. ते नसलं की जग तिच्या अंगावर येतं. मग ती कान दाबून खाली बसते आणि किंचाळत राहते. नातेवाईक सल्ले द्यायला तयारच होते. कुणी दृष्ट काढायला सांगितली, कुणी मला नोकरी सोडायला. मी एका क्लासमध्ये गणित शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते आणि स्वतःच्या पोरीला वाऱ्यावर सोडते, असंही एक नणंद बोलून गेली. लग्न, बारसं, जत्रा, सगळं आम्ही बंद केलं. पण मला एक खूळ होतं. लहानपणी माझे वडील आम्हाला दर सुट्टीत एखाद्या गडावर नाही तर लेण्यात न्यायचे, आणि माझ्या मुलीलाही ते मिळायला हवं, असं मी धरून बसले होते.

म्हणून आम्ही एका रविवारी पन्हाळ्याला गेलो. मी, माझा नवरा सचिन आणि गौरी. धान्यकोठाराच्या त्या अंधाऱ्या, उंच दालनात शिरलो तर आत सहलीची पोरं आवाज घुमतो म्हणून बोंबलत होती. गौरी जमिनीवर आडवी झाली. लोक भोवती जमले, दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. एक बाई म्हणाली, "अशा पोरांना आणूच नये की बाहेर." सचिननं गौरीला उचलून गाडीत टाकलं तेव्हा त्याच्या हातावर तिचे दात उमटलेले होते. घरी आलो, तर जिन्यात अप्पा. गौरीचं हुंदके देणं चालूच होतं. मी म्हटलं, "हिला नाही जमायचं अप्पा. आता मीच कुठं नेत नसतो हिला." आमच्या कोल्हापुरात बायकाही येतो-जातोच म्हणतात. अप्पा पायरीवर बसले, गौरीच्या उंचीला आले आणि मला म्हणाले, "तिला पुढचं ठावं न्हाई, म्हणून भ्या वाटतंय. मला न्हाई वाटायचं व्हय? नव्या गावात शिरलं की कुत्री बी अंगावर यायची आनि माणसं बी. पर कागुद हातात असला की मी वाघ. हिला कागुद द्या की."

पुढच्या शनिवारी सकाळी खांद्याला पिशवी लावून ते एसटीनं एकटेच पन्हाळ्याला गेले. संध्याकाळी परत आले ते एक टिपण घेऊन. टिपण हा त्यांच्या खात्यातला शब्द. शेतात उभं राहून हातानं काढलेला कच्चा नकाशा. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर निळ्या शाईनं वाट काढलेली, प्रत्येक वळणाला पावलं लिहिलेली. जिथं गलका असतो तिथं कान काढलेला, वटवाघळांची घाण वास मारते तिथं नाक, आणि मुतारीच्या जागी तांब्या. सुरुवातीला आमची पांढरी गाडी आणि शेवटीही आमची पांढरी गाडी. ती त्यांनी चौकोन आणि चार चाकं अशी काढली होती, पण गौरीला ती लगेच ओळखू आली. अप्पांनी तिला एकच नियम सांगितला, "अक्का, गाडीपाशी पोचल्याबिगर टिपण मिटायचं न्हाई. आनि पोचलं की मिटायचं." ते गौरीला अक्का म्हणत, त्यांच्याकडे लेकीबाळींना म्हणतात तसं.

दुसऱ्या रविवारी त्याच कोठारात गौरी शिरली, कान काढलेल्या जागी स्वतःच कानावर हात ठेवले, सांगितलेली पावलं चालली आणि दुसऱ्या दारानं बाहेर आली. मी रडले. सचिन मला "गप की, लोक बघायलेत" म्हणाला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग दीड वर्ष आमचे रविवार अप्पांचे होते. शनिवारी ते पुढं जाऊन जागा बघून यायचे, रविवारी सकाळी चहाबरोबर टिपण मिळायचं. गड झाले, जुनी देवळं झाली, तळी झाली. खिद्रापूरच्या देवळाला पहिल्यांदा गेलो तेव्हा उघड्या छताच्या त्या गोल मंडपात गौरी वर बघत उताणी पडून राहिली, आणि अप्पांनी बाकीच्या लोकांना "पावणं, जरा कडेनं जावा" म्हणत चक्क वळवलं. कुणी तिच्याकडे टक लावून बघितलं तर ते त्या माणसापाशी जाऊन विचारायचे, "कुठलं म्हणायचं पावणं? काय हरवलंय काय?" माणूस खाली मान घालून निघून जायचा. हळूहळू त्यांनी एक प्रथा पाडली. टिपणातला शेवटचा टप्पा, म्हणजे शेवटच्या जागेपासून गाडीपर्यंतचा, गौरीनं एकटीनं चालायचा. मी आधीच जाऊन गाडीपाशी उभी राहायची. सचिन आणि अप्पा वीस पावलं मागं. गौरी कागद समोर धरून यायची, गाडीच्या बॉनेटवर तळहात आपटायची आणि टिपण मिटायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे यायचं, त्यासाठी मी काहीही केलं असतं. तेच तर मी केलं.

जिन्याच्या अठरा पायऱ्यांनंतर पंधरा दिवसांत एका गडावर अप्पांनी सचिनला "बाळू" अशी हाक मारली. बाळू म्हणजे त्यांच्या हाताखाली साखळी धरणारा माणूस. तो मरूनही वर्षं झाली होती. "बाळू, त्ये टोक धर," म्हणाले आणि हात पुढं केला. सचिननंही हात पुढं केला. क्षणभरानं अप्पा भानावर आले, इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकून चप्पल नीट करू लागले. गाडीत सचिन मला हळूच म्हणाला, "अप्पांचं कायतर बिनसलंय बघ." मी म्हटलं, "वय झालंय. तुझे बाबा तर मला तुझ्या आत्याच्या नावानं हाक मारतात." तो विषय मी तिथंच पुरला.

मग आम्ही दुसऱ्यांदा खिद्रापूरला गेलो. गौरीला तो मंडप पुन्हा हवा होता. अप्पांनी टिपण नवं दिलं, आणि त्यात देवळाच्या मागं एक विहीर काढलेली होती. गौरी कागद धरून तिथं पोचली तर समोर मोकळं मैदान. ती "हीर, हीर, हीर" म्हणत तिथंच उभी राहिली. मग खाली बसली. पाऊण तास तिला कुणाला हलवता आलं नाही. अप्पा तिच्यापेक्षा घाबरलेले. मैदानभर चपला घासत फिरत होते, "हितं हीर हुती! बुजवली कुणी? हद्दीची खूण हाय ती, अशी बुजवता येत न्हाई." कडेला शेळ्या घेऊन उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "हुती की हीर. मी जवान हुतो तवा बुजली." बुजलेली विहीर अप्पांना आदल्या दिवशी दिसली कशी? ते शनिवारी इथं आलेच नव्हते. आले असते तर त्यांनी मोकळं मैदान काढलं असतं.

हे मला त्या क्षणी कळलं, लख्ख कळलं. आणि तरी घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की एखाद्या वेळी चुकतं माणूस.

आठवड्याभरानं सरोजाचा फोन आला. ती रोज संध्याकाळी वडिलांना फोन करायची. मला कधी करत नसे. म्हणाली, "ताई, अप्पा बरं हायत न्हवं? बोलताना कायतर चुकल्यागत वाटतंय. काल मला आईच्या नावानं बोलत हुते. तुम्ही रोज बघताय, म्हणून इचारलं." मी स्वयंपाकघरात उभी होते. गौरी समोर बसून जुनी टिपणं एकाखाली एक लावत होती. मला एवढंच दिसलं: खरं सांगितलं तर सरोजा येणार, अप्पांना घेऊन जाणार, आणि आम्ही तिघं पुन्हा त्या चार भिंतींत. मी म्हणाले, "अगं, ठणठणीत आहेत. काही काळजी करू नको." फोन ठेवून मी गॅस पेटवला आणि कुकर चढवला.

त्यानंतरचा गड आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा. नाव लिहीत नाही. गडाचा काय दोष. आदल्या शनिवारी क्लास सुटल्यावर मी एसटी स्टँडजवळून स्कूटरनं येत होते. फलाटासमोरच्या बाकावर अप्पा बसलेले दिसले. मांडीवर पिशवी, त्यावर दोन्ही हात. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, आणि ते प्रत्येक गाडीची पाटी वाचत होते. ओठ हलताना दिसत होते. दुपारचा एक वाजून गेला होता. सकाळी साडेसहाला मी त्यांना घरातून बाहेर पडताना पाहिलं होतं. मी स्कूटर थांबवली. खाली पाय टेकवला. आणि मग, देव मला क्षमा करो, पुन्हा निघाले. संध्याकाळी अप्पांनी नेहमीप्रमाणे टिपण आणून दिलं. वाट, पावलं, कान, तांब्या, गाडी, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "भेटला काय गड?" ते म्हणाले, "न भेटून जातोय कुठं? मी जवान असताना मोजलाय त्यो." सचिन म्हणाला, "ह्या टायमाला राहू दे. मला बरं वाटेना झालंय." मी त्याच्यावर खेकसले, "पोरगी आठवडाभर बूट उशाशी घेऊन झोपायलीय. तू सांग तिला. आहे हिंमत?" त्याची नव्हती. माझीही नव्हती.

चैत्र संपत आला होता. गडावर आम्ही आणि देवीच्या देवळात राहणारी गुरवाची बायको, एवढीच माणसं. वारा पडलेला. जांभ्याची लाल जमीन सकाळी दहालाच तापली होती. सचिननं गाडी दरवाज्याजवळच्या नव्या वाहनतळावर लावली. दरवाजा, पायऱ्यांची विहीर, तटावरची चाल, देऊळ: टिपणातलं सगळं बरोबर निघत गेलं आणि माझा जीव हळूहळू भांड्यात पडत गेला. दगड तिथंच होते ना. गडाचे दगड कुठं जातात? देऊळ ही टिपणातली शेवटची जागा. मी नेहमीसारखी पुढं निघाले आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

उभीच राहिले. पाच मिनिटं झाली. समोरच्या वाटेवर कुणी नाही. मग सचिन आणि अप्पा येताना दिसले, आणि त्यांच्या पुढं गौरी नव्हती. सचिन लांबूनच ओरडला, "आली न्हवं?" अप्पांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तो बांधायला सचिन वाकला होता, मान वर केली तर गौरी देवळाच्या कोपऱ्यावरून वळलेली. गाडीकडेच गेली असणार, म्हणून तो सावकाश आला.

मी धावत देवळाशी आले. हाका मारायचा उपयोग नव्हता, ती ओ देत नाही. तरी मी हाका मारल्या. गुरवाची बायको बाहेर आली. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बाई, मागल्या अंगाला तर गेली न्हाई न्हवं? तिकडं चिऱ्याच्या खाणी हायत. झाडीत चार-पाच खड्डं हायत, वरनं दिसत बी न्हाईत. गेल्या साली आमची म्हस गेली. पानी खोल हाय." सचिन तिनं हात केला त्या दिशेला पळत सुटला. करवंदीच्या जाळ्यांत तो दिसेनासा झाला. चार-पाच खड्डे, आणि तो एकटा.

अप्पा देवळाच्या कट्ट्यावर शांत बसले होते. हातात तुटकी चप्पल. मला म्हणाले, "कुनाला हुडकतासा?" मी त्यांचे खांदे धरले आणि गदागदा हलवले. त्यांच्या वयाच्या माणसाला असं कुणी धरू नये. पण त्याच क्षणी मला कळलं की गौरी हरवलेली नाही. ती टिपणावरून चालली आहे. एक पाऊलही न चुकता. कागद तिच्याकडे होता, पण ज्यांनी काढला ते माझ्यासमोर होते.

मी आवाज खाली आणला. "अप्पा, गाडी कुठं लावलीय?"

"जीप व्हय?" ते म्हणाले. "जीप तितंच की. पिपरणीखाली. सायेब सावलीबिगर लावू देत न्हाईत."

"चला. मला दाखवा."

अप्पा उठले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. देवळाच्या कोपऱ्यावरून वळले आणि मोजू लागले. एक, दोन, तीन. चढण नव्हती, वाट नव्हती, नुसती जाळी आणि दगड. पण त्यांचा पाय कुठंही अडखळत नव्हता. घरातल्या जिन्यावर अडखळायचा तो पाय. मी त्यांच्या मागं, त्यांच्या पाठीला हात न लावता. त्यांना मधेच भान येऊ नये, त्यांनी मधेच माझ्याकडे वळून "आपण कुठं आलोय पोरी?" म्हणू नये, एवढीच मी देवाला प्रार्थना करत होते. त्यांच्या चांगल्यासाठी मी कधी देवाकडे काही मागितलं नाही, आणि त्या दिवशी मागितलं ते हे, की हा माणूस अजून थोडा वेळ हरवलेलाच राहू दे. काट्यांनी त्यांची पिंढरी फाटली. शंभर. एकशे वीस. सचिनच्या हाका कुठून तरी भलतीकडून येत होत्या. एकशे साठाला जाळी संपली आणि अप्पा थांबले.

पिंपरणीचं झाड होतं, अर्धं वाळलेलं. त्याच्या निम्म्या मुळ्या उघड्या हवेत लोंबत होत्या, कारण पलीकडची जमीन सरळ कापून नेलेली होती. खाली हिरवं, न हलणारं पाणी. आणि त्या कडेवर गौरी उभी, बुटांची टोकं रिकाम्या जागेवर, कागद दोन्ही हातांत समोर धरलेला. "गाडी," ती म्हणत होती. "गाडी. गाडी."

मी दहा पावलांवर होते. हाक मारली असती तर तिनं ऐकलं नसतं. धरायला गेले असते तर ती झटका देते, मागं बघतही नाही, हे मला ठाऊक होतं. आणि टिपण मिटल्याशिवाय ती तिथून हलणार नव्हती. तो नियमच होता. कडेची लाल माती तिच्या बुटाखालून थोडी थोडी खाली पडत होती, आणि पाण्यात पडल्याचा आवाज जरा उशिरानं येत होता. तोवर सचिन माझ्या मागं येऊन पोचला. त्याच्या घशातून आवाज निघणार एवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याच्या कानात म्हणाले, "गाडी आण. हॉर्न वाजवू नको. जिथवर येईल तिथवर आण."

जीपची जुनी वाट जाळीखाली अजून होती म्हणून गाडी आली. किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही. मी तोवर एकही पाऊल उचललं नाही. माझ्या शेजारी अप्पा दगडावर बसले होते, उन्हाला हात आडवा धरून, काम आटोपून गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे. फांद्या मोडल्याचा आवाज झाला. झाडीतून गाडीचं पांढरं नाक बाहेर आलं. गौरीनं मान वळवली. कागदाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग कडेवरून पाय मागं घेतला आणि चालत आली. बॉनेटवर तळहात आपटला आणि टिपण मिटलं.

"आली न्हवं गाडी," अप्पा म्हणाले. "चला, ऊन लागाय लागलंय."

त्या संध्याकाळी मी सरोजाला फोन केला आणि सगळं सांगितलं. बाकावर बसलेले अप्पा सांगितले, माझं 'ठणठणीत'ही सांगितलं. ती शिव्या देईल अशी माझी तयारी होती. पण ती एवढंच म्हणाली, "मी बी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई की ताई." पुढच्या रविवारी ती येऊन त्यांना घेऊन गेली. पावसाळा संपता संपता अप्पा गेले. मातीला मी आणि सचिन गेलो होतो. लिंगायत पद्धतीनं त्यांना बसवलं होतं, कपाळभर विभूती. आमच्या गौरीबद्दल सरोजाखेरीज तिथं जमलेल्या कुणालाच माहिती नव्हती. तेही बरंच झालं.

पण मला अप्पा आठवतात ते तिथले नाहीत. सरोजा येण्याच्या आदल्या दिवशीचे, शनिवारचे आठवतात. सकाळी साडेसहाला मी कचरा ठेवायला दार उघडलं, तर खाली अप्पा कुलूप लावत होते. खांद्याला पिशवी. पुढचा गड बघायला निघाले होते. मी धावत खाली गेले आणि त्यांच्या समोर उभी राहिले. खाणीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला सांगवेना. मग मी खोटं बोलले. म्हटलं, "अप्पा, आता नका जाऊ. गौरीला नको वाटायलंय. कंटाळली ती."

म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काही सांगता आलं नसतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या त्या शिवारातल्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाले, "बरं झालं बाई. मला मागच्या चार-पाच येळंपासनं वाटच सापडत न्हाई. स्टँडावर जाऊन बसतोय नुसता. आठवंल त्ये काढून देतोय. भ्या वाटायचं, पोरीला एखांद्या दिवशी कुठं तरी नेऊन सोडीन म्हणून."

मी म्हटलं, "मग मला सांगायचं नाही का अप्पा?"

"सांगणार हुतो," ते म्हणाले. "दर आयतवारी सांगणार हुतो. पर तू गाडीपाशी उभी असायचीस, अन् हसत असायचीस."